कोल्हापूरजवळची घरची पॉलिहाऊस आणि रोपवाटिका : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शिमगा जवळ आला की कोल्हापूरच्या भाजीबाजाराचं रूप बदलतं. थंडीतला मटार, फ्लॉवर, कोबी ओसरायला लागतो. उघड्या रानातली पालेभाजी अकराच्या उन्हात मान टाकते. त्याच दिवसांत काही मोजक्या विक्रेत्यांपुढे लाल-पिवळी ढोबळी मिरची, लांब कोवळी काकडी, जरबेराच्या फुलांच्या जुड्या आणि मिरची-वांग्याच्या रोपांचे काळे ट्रे दिसतात. हा माल पॉलिहाऊस आणि शेडनेटमधला, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाच्या किंवा जाळीच्या छताखाली पिकवलेला. बहुतेक ठिकाणी तो पिकवणारं, तोडणारं आणि बाजारात विकायला बसणारं घर एकच असतं. पहाटे तोडणी करणारी आक्का सकाळी वजनकाट्यामागे बसलेली असते, आणि क्रेट उतरवणारा मुलगा आदल्या संध्याकाळी ठिबकच्या नळ्या धूत असतो.

अशा घरांच्या मळ्यावर जाता येतं आणि जरूर जावं. शहरात नव्यानं आलेली माणसं, गच्चीवर चार कुंड्या लावू पाहणारे, शाळकरी मुलांचे आईवडील, पॉलिहाऊस उभारायचा विचार मनात असलेले तरुण, अशा सगळ्यांना तिथं शिकण्यासारखं आहे. फक्त तिथं तिकीटखिडकी नसते, माहिती सांगायला नेमलेलं माणूस नसतं आणि पाहुण्यांसाठी राखलेला वेळही नसतो. तुम्ही त्यांच्या चालू कामात जाता. त्या कामाची वेळ सांभाळून गेलात तर तासाभरात खूप काही बघायला मिळतं. आडवेळी गेलात तर चहा मिळतो, पण बोलणं होत नाही.

जायचं कधी

महाशिवरात्र ते अक्षय तृतीया हा काळ धरा, आणि त्यातही फाल्गुन उत्तम. सकाळी हवेत गारवा असतो, पिकं जोमात असतात. उन्हाळी लागणीची रोपं तयार होत असल्यानं रोपवाटिका भरलेल्या असतात. गुढीपाडव्यानंतर दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढं सरकतो. प्लॅस्टिकच्या छताखाली तो आणखी चढतो. आपल्याकडची पॉलिहाऊस बहुतेक नैसर्गिक वायुवीजनाची आहेत. आत पंखे नसतात, बाजूचे पडदे वर गुंडाळून आणि छताजवळच्या फटीतून गरम हवा बाहेर काढली जाते. त्यामुळे चैत्रातली दुपार झाडांनाही जड जाते आणि माणसांनाही.

एप्रिलच्या मध्यापासून वळिवाचा भरवसा नसतो. दुपारी ढग दाटले, वारा सुटला की घरातलं प्रत्येक माणूस पडदे सोडायला आणि दोऱ्या ताणायला धावतं, कारण एका वावटळीत छताचा कागद फाटू शकतो. आभाळ भरून आलेलं दिसलं तर वाटेतून फोन करून जाणं पुढं ढकला. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

आणखी एक दिवस वगळा, चैत्र पौर्णिमा. जोतिबाच्या यात्रेला राज्यभरातून सासनकाठ्या येतात. वाडी रत्नागिरी, केर्ली, वडणगे या बाजूचे रस्ते आदल्या दिवसापासूनच भरून जातात.

आधी बाजार, मग मळा

थेट मळ्यावर जाऊन उभं राहू नका. सुरुवात बाजारातून करा. लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थ ही शहरातली जुनी भाजीमंडईची ठिकाणं आहेत. उपनगरांत आणि तालुक्याच्या गावांत आठवडी बाजार भरतात. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं. शेतकऱ्यानं स्वतः बसून ग्राहकाला माल विकायचा, मध्ये कुणी नको, ही त्यामागची कल्पना. तुमच्या भागात असा बाजार कोणत्या वारी भरतो ते शेजारी विचारा. वार ठरलेला असतो, वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते.

बाजारात शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे ओळखायला थोडं थांबावं लागतं. ज्याच्याकडे कांदा-बटाट्यापासून आल्यापर्यंत सगळं मिळतं, त्यानं माल घाऊक घेतलेला असतो. त्यात वावगं काही नाही, पण तो तुम्हाला मळा दाखवू शकणार नाही. ज्याच्यापुढे दोन-तीनच जिन्नस आहेत आणि त्यातही लहान-मोठं, वाकडं-सरळ असं सगळं आहे, तो बहुधा स्वतःचा माल घेऊन आलेला असतो. खात्री करायला एकच प्रश्न पुरतो : “मिरची कधी लावली होती?” पिकवणारा महिना सांगतो, जात सांगतो आणि बऱ्याचदा यंदा काय बिघडलं तेही सांगतो.

पहिल्याच भेटीत मळा बघायची गोष्ट काढू नका. दोन-तीन बाजार त्यांच्याकडून माल घ्या. घरी नेलेली काकडी कशी निघाली ते पुढच्या वेळी सांगा. मग गर्दी ओसरल्यावर, ते उरलेला माल आवरत असताना विचारा : “आण्णा, एकदा तुमचं पॉलिहाऊस बघायला आलो तर चालेल काय?” उत्तर बहुतेक “या की!” असंच येतं. कोल्हापूरकडचा माणूस पाहुण्याला नको म्हणत नाही. म्हणूनच त्यांच्या सोयीचा दिवस तुम्हाला नेटानं विचारून घ्यावा लागतो.

कोणत्या बाजूला

पूर्वेकडं हातकणंगले आणि शिरोळ हे तालुके भाजीपाल्याचे. जयसिंगपूर, नांदणी, उदगाव या पट्ट्यात भाजीपाला, रोपवाटिका आणि फुलशेती एकमेकांच्या शेजारी दिसतात. इकडं जायला कोल्हापूर-मिरज रेल्वे सोयीची आहे. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून सुटलेली पॅसेंजर रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे करत जयसिंगपूरला पोचते. खिडकीतून उसाच्या फडांमध्ये पांढरी छपरं दिसायला लागतात. रस्त्यानं गेलात तर कोल्हापूर ते जयसिंगपूर अंतर चाळीसेक किलोमीटर आहे.

या पट्ट्यात पॉलिहाऊस बघताना पायाखालच्या जमिनीकडंही लक्ष द्या. शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरपूर पाणी दिल्यामुळे बरीच जमीन क्षारपड झाली आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर फुलून येतो. जरबेरासारख्या पिकाला असली जमीन आणि असलं पाणी चालत नाही. म्हणून इथली घरं बाहेरून तांबडी माती आणतात, तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळतात आणि दीड-दोन फूट उंचीचे बेड करून त्यावर लागण करतात. तांबड्या मातीतून पाणी पटकन निथळतं, मुळं सडत नाहीत. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडीकडं तांबडी माती रानातच असते. तिकडं खर्च वाचतो, पण पावसाळा फार मोठा आणि ढगाळ. दोन्हीकडचं एकेक पॉलिहाऊस बघितलंत तर एकाच जिल्ह्यात शेतकऱ्याच्या अडचणी किती वेगळ्या असतात ते कळतं.

पूर्वेकडच्या नदीकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुराचा विषय निघतोच. कुणाचं शेडनेट वाहून गेलं, कुणाच्या बेडवर गाळ बसला. सांगतील तेवढं ऐकून घ्या, नुकसानीचे आकडे खोदून विचारू नका.

फोनवर काय बोलायचं

जायच्या दोन दिवस आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली, तोडणी कधी आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी तोडणी, निवड, भरणी अशी दिवसभर धांदल असते. त्या दिवशी आणि बाजाराच्या दिवशी जाऊच नका. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घर जरा निवांत असतं.

दुसरी, फवारणी कधी आहे. फवारणी झालेल्या बंद जागेत लगेच शिरणं धोक्याचं असतं, मुलांना तर नेऊच नये. “औषध मारल्यावर किती दिवसांनी येऊ?” असं सरळ विचारा. त्यांना राग येत नाही, उलट तुम्हाला समज आहे हे कळतं.

तिसरी, लाईट दिवसाची आहे की रात्रीची. शेतीपंपांची वीज पाळीनं येते. दिवसाची पाळी असली की घरातला कर्ता माणूस उसाला पाणी पाजायला फडात असतो आणि रात्रीची असली तर रात्रभर जागून सकाळी झोपलेला असतो. पॉलिहाऊस असलेल्या घरांकडेही ऊस असतोच.

वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा ही सगळ्यात चांगली. त्याआधी धारा काढायची आणि डेअरीला दूध घालायची गडबड असते. संध्याकाळी यायचं असेल तर साडेचारला पोचा आणि सहाच्या आत निघा, कारण मग पुन्हा धारांची वेळ होते. मंडळी किती येणार, लहान मुलं किती, हे फोनवरच सांगा. चार-पाच माणसांपेक्षा जास्त नकोत. दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर, आणि त्यातही चालायच्या वाटा हातभर रुंद असतात.

वाट

फोनवर लोकेशन मागून घ्या, पण शेवटच्या टप्प्यात त्यावर विसंबू नका. नकाशा तुम्हाला पाणंदीच्या तोंडाशी आणून सोडतो, आणि तिथून उसात शिरणाऱ्या तीन वाटा एकसारख्याच दिसतात. खुणा विचारून ठेवा : डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), विहीर, पाण्याची टाकी, दूध संस्था. अडलात तर दूध संस्थेच्या दारात विचारा. गावातलं प्रत्येक घर तिथं ओळखीचं असतं.

साखर कारखान्यांचा हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो. तोवर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. दुचाकीवर असाल तर उजेडात परत या.

दारापाशी

पॉलिहाऊसला एकामागे एक दोन दारं असतात. बाहेरचं उघडायचं, मधल्या जागेत उभं राहायचं, ते लावून घ्यायचं आणि मगच आतलं उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडी राहिली की फुलकिडे आणि पांढरी माशी आत येते. बाजूंना बारीक विणीची जाळी लावून जे बाहेर ठेवलंय, ते एका पाहुण्यामुळे आत येऊ शकतं. मागं मुलं असतील तर त्यांना मधल्या जागेत जवळ घेऊनच आतलं दार उघडा.

कपड्यांचा रंग पाहून निघा. आत जागोजागी पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगलेले दिसतील. पांढरी माशी आणि मावा ही कीड पिवळ्या रंगाकडे ओढली जाते आणि फुलकिडे निळ्याकडे. तुमच्या पिवळ्या कुर्त्यावरही ते बसतात आणि तुमच्याबरोबर एका पॉलिहाऊसमधून दुसऱ्यात जातात. एका दिवसात दोन घरांच्या मळ्यांवर जाणार असाल तर हे दुसऱ्या घरी आधी सांगा. तिथं हात-पाय धुऊन, जमल्यास वरचा कपडा बदलून आत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तंबाखू, खायचा मावा, गुटखा, विडी-सिगारेट यांतलं काही तुम्ही किंवा बरोबरच्या कुणी त्या सकाळी हाताळलं असेल, तर साबणानं हात स्वच्छ धुतल्याशिवाय मिरची-टोमॅटोच्या झाडाजवळ जाऊ नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि बोटांवरून मिरची, टोमॅटोच्या झाडांना लागतो. ही सगळी झाडं एकाच कुळातली. विषाणू लागला की त्यावर औषध नाही, झाड उपटूनच टाकावं लागतं, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर तो काम करणाऱ्या हातांनी पसरतो. आपल्या भागात, निपाणी इतकी जवळ असताना, तंबाखू कुणाच्या खिशात नसते? म्हणून ही खबरदारी इथं दुप्पट घ्यायची. काही घरं दारातच साबण आणि पाणी ठेवतात. नसेल तर मागून घ्या.

चप्पल बाहेर काढायला सांगितली तर काढा. दारात चुन्याची किंवा औषधाच्या पाण्याची उथळ चौकट असेल तर तिच्यात पाय देऊनच पुढं जा.

आत गेल्यावर

घरचं माणूस पुढं आणि तुम्ही मागं, असं चाला. बेडवर पाय देऊ नका, ठिबकच्या नळीवर तर नाहीच. वरून खाली आलेल्या दोऱ्यांना धरू नका. ढोबळी मिरचीच्या झाडाच्या दोन ते चार फांद्या राखून प्रत्येक फांदी अशा एकेका दोरीवर चढवलेली असते. दोरीला हिसका बसला की फांदी सांध्यातून मोडते आणि तिच्यावरची पुढच्या महिन्यांची फळं जातात.

मिरचीचं बघण्यासारखं खूप आहे. लाल ढोबळी म्हणजे त्याच झाडावर पिकू दिलेली हिरवी ढोबळी. पिवळीची जात वेगळी, पण तीही आधी हिरवीच असते. रंग भरायला फळ आणखी काही आठवडे झाडावर ठेवावं लागतं. तेवढे दिवस झाड त्याला पोसतं, कीड-रोगाची जोखीम राहते आणि नवीन फळं कमी धरतात. बाजारात लाल-पिवळी महाग का, याचं उत्तर इथं झाडावरच दिसतं. एका झाडावर हिरवं, अर्धं रंगलेलं आणि पूर्ण लाल फळ दाखवायला सांगा, मुलांना फार आवडतं.

उन्हाळा वाढतो तशी फूलगळ सुरू होते. आत पारा फार चढला की मिरचीचं फूल टिकत नाही. म्हणून या दिवसांत छताखाली सावलीची जाळी ओढतात, कुणी कागदावर बाहेरून चुना मारतात, कुणी फॉगर चालवतात. फॉगर म्हणजे धुक्यासारखे बारीक थेंब सोडणारे नोझल. हवा कोरडी असली की थेंब हवेतच विरतात आणि गारवा येतो. फॉगर चालू असताना आत असलात तर मोबाईल खिशात ठेवा.

काकडीच्या वेलाकडं गेलात तर मधमाश्या कुठं दिसतात का ते बघा. दिसणार नाहीत. जाळीमुळे त्या आत येत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते. पॉलिहाऊसमधल्या काकडीच्या जाती परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या असतात, म्हणून त्या काकडीत टणक बिया नसतात. लागणीपासून पस्तीस-चाळीस दिवसांत तोडा सुरू होतो आणि उन्हाळ्यात फळ इतकं झपाट्यानं वाढतं की तोडणी एक दिवसही चुकवून चालत नाही. या घरातलं कुणी लग्नकार्याला मुक्कामी का राहत नाही, ते इथं समजतं.

जरबेराचं फूल कात्रीनं कापत नाहीत. दांडा बुडाशी धरून किंचित वाकवून ओढतात, म्हणजे तो सांध्यातून अलगद निघतो. कापून खुंट ठेवला तर तो सडतो आणि सड झाडाच्या गड्ड्यात उतरते. तोडणी सकाळी, फुलं लगेच पाण्याच्या बादलीत, मग प्रत्येक फुलाला प्लॅस्टिकची टोपी आणि दहा-दहांची जुडी. लग्नसराईत दर चढतो, पितृपंधरवड्यात पार खाली येतो. मोठा माल शहरांच्या फूलबाजारांना जातो, आठवडी बाजारात मोजक्या जुड्या येतात. फूल ओढायचा हात बहुतेक घरांत बायकांचाच असतो. “मला एक काढून दाखवाल काय, वहिनी?” म्हणून बघा. स्वतः मात्र ओढू नका.

बेडच्या कडेला खताची टाकी, गाळणी आणि व्हेंच्युरी, म्हणजे खत पाण्यात ओढून घेणारी नळी, असते. पाण्यातून खत कसं जातं ते दाखवायला सांगा. औषधांच्या बाटल्या ठेवलेल्या खोलीत मुलांना जाऊ देऊ नका.

काय विचारावं

पॉलिहाऊसमधला माल म्हणजे सेंद्रिय, असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं. छत आणि जाळीमुळे कीड कमी येते आणि पाऊस थेट पानांवर पडत नसल्यानं काही रोगही टळतात. पण आत शिरलेल्या कोळी, फुलकिडे या किडींना आणि भुरी या रोगाला उबदार बंद जागा मानवते आणि मग औषध मारावंच लागतं. प्रामाणिक शेतकरी हे लपवत नाही. तुम्ही विचारायचं ते एवढंच : “शेवटचं औषध कधी मारलं आणि तोडा किती दिवसांनी केला?” प्रत्येक औषधाच्या लेबलावर किती दिवस थांबून तोडणी करायची ते लिहिलेलं असतं. त्या दिवसांचं भान ठेवणारं घर सापडलं की ते धरून राहा. कुणी सेंद्रिय म्हणून वेगळा दर सांगत असेल तर पीजीएस किंवा एनपीओपी या सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरण योजनांचं प्रमाणपत्र बघायला मागावं, तेही शांतपणे.

अनुदान किती मिळालं, कर्ज किती राहिलं, वर्षाला किती सुटतात, हे पहिल्या भेटीत विचारू नका. तुम्हाला स्वतःला पॉलिहाऊस उभारायचं असेल तर हिशेबाचे प्रश्न विचारायला वेगळी जागा आहे. तळसंदे आणि कणेरी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, आणि संरक्षित शेतीचं निवासी प्रशिक्षण पुण्याजवळ तळेगाव दाभाडेच्या केंद्रात मिळतं. मळ्यावर विचारायचा प्रश्न वेगळा : “पुन्हा सुरुवात करायची झाली तर काय वेगळं कराल?” याला मिळणारं उत्तर कुठल्याही प्रकल्प अहवालात नसतं.

फोटो विचारून काढा. झाडांचे काढू देतील, घरातल्या माणसांचे आणि मुलांचे त्यांची परवानगी असेल तरच. मळ्याचं लोकेशन समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या रविवारी वीस अनोळखी माणसं पाणंदीत उभी राहिली तर त्या घराची तोडणी बुडते.

रोपवाटिकेत

फाल्गुन-चैत्रात रोपवाटिकेला वेगळा वेळ द्या. आपल्याकडे जुनी माणसं रोपाला तरू म्हणतात आणि तरू टाकायचं म्हणजे रानाच्या कोपऱ्यात वाफा करायचा. आता बहुतेक घरं शेडनेटखाली, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये (प्रोट्रे) रोपं करतात. एका ट्रेमध्ये साधारण ९८ किंवा १०४ कप्पे, एका कप्प्यात एक बी. भाजीपाल्याशेजारी एक डोळा लावून केलेली उसाची रोपंही दिसतील. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी रोपवाटिकांचा खरा धंदा तोच आहे. भाजीपाला रोपवाटिकांसाठी राज्य सरकारनं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं योजना आणली, त्यातूनही काही शेडनेट उभी राहिली.

शेतकरी आपली रोपं महिनाभर आधी सांगून ठेवतात. गच्चीसाठी दहा-वीस रोपं हवी असतील तर जे शिल्लक असेल त्यातून घ्यावं लागतं. पूर्ण ट्रे घेऊन तीन-चार शेजाऱ्यांत वाटून घेतलात तर त्यांनाही मोडायचा त्रास नाही. ट्रे परत द्यायचा असतो, तो त्यांचा खर्चाचा जिन्नस आहे.

रोप निवडताना उंची बघू नका. उंच, लुसलुशीत, फिकट रोप सावलीत जास्त दिवस राहिलेलं असतं आणि उन्हात पडतं. बुटकं, जाड दांड्याचं, गडद पानांचं घ्या. पान उलटून खालची बाजू बघा : पांढरी माशी, मावा तिथंच बसतात. एक रोप कप्प्यातून काढून दाखवायला सांगा. मुळं पांढरी असावीत आणि कोकोपीट एकसंध निघावं. मुळं तपकिरी होऊन गोल गुंडाळली असतील तर रोप जून झालंय. टोमॅटो, फ्लॉवरचं रोप बावीस-पंचवीस दिवसांत तयार होतं, वांग्याला महिना, मिरचीला पस्तीस-चाळीस दिवस लागतात. फूल आलेलं रोप दिसायला छान, पण नको. आणि विचारा : “उन्हाला सवय केलीय काय?” विकण्याआधी काही दिवस पाणी कमी करून रोप उघड्यावर ठेवतात, म्हणजे ते कणखर होतं.

पाडव्यानंतर टोमॅटो लावायचा हट्ट सोडा. मे महिन्याच्या उकाड्यात फूल गळतं आणि पाऊस लागला की करपा येतो. मिरची, वांगी, झेंडू लावा. रोपवाटिकेतली आक्का हेच सांगेल आणि तिचं ऐका.

पैसे, चहा आणि घरी आणणं

मळ्यावर घासाघीस करू नका. दर बाजारातलाच द्या. बहुतेक वेळा वजनापेक्षा दोन काकड्या जास्तच पडतात, त्या आनंदानं घ्या. चहाला नको म्हणू नका. घाई असेल तर “अर्धा कप” म्हणा, तेवढं चालतं. जाताना मुलांना खाऊ न्यायची आपली रीत इथंही लागू आहे.

ढोबळी मिरची फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात आठवडाभर चांगली राहते. काकडीची साल पातळ असल्यानं ती लवकर सुकते, आणि अति थंडीत तिच्यावर पाणचट डाग पडतात. कोरड्या कापडात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जरबेरा फुलदाणीत ठेवताना पाणी दोन-तीन इंचच घाला. दांडा लवदार असतो, भरपूर पाण्यात तो सडतो. पाणी रोज बदला, दांड्याचं टोक तिरकं कापत जा.

रोपं दुचाकीवर उघडी आणू नका, वाऱ्यानं ती वाटेतच सुकतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवा. उन्हात लावलेल्या बंद गाडीत दहा मिनिटंही सोडू नका. घरी आल्यावर ट्रेला पाणी शिंपडून सावलीत ठेवा आणि ऊन उतरल्यावर लावा. लावताना कप्प्यातला गोळा फोडू नका, तो मातीच्या पातळीत बसवा. कुंडीतली जुनी माती पुन्हा वापरणार असाल तर ती उन्हात पसरून तापवून घ्या आणि तिच्यात शेणखत मिसळा. पहिले चार-पाच दिवस दुपारी जुन्या सुती साडीची सावली करा, सकाळ-संध्याकाळ थोडंथोडं पाणी द्या. नवीन पान फुटलं की साडी काढा आणि पाणी एकवेळेवर आणा. मिरचीची पानं वर वळून बारीक व्हायला लागली तर फुलकिडे आलेत. एक पान तोडून बंद पिशवीत घाला आणि पुढच्या बाजारी ट्रे परत करताना दाखवा. औषध दुकानात जाण्याआधी त्यांना विचारा. तुमच्या कुंडीला फवारणीची गरज आहे की नुसतं पाणी मारून भागेल, ते त्यांना पानावरूनच कळतं. पिशवी मात्र त्यांच्या रोपांपाशी उघडू नका.